म्हाळातला लाल दोरा

म्हाळ लागले की कबनूरच्या आमच्या गल्लीत दुपारी बाराच्या सुमाराला दोन वास एकमेकांत मिसळतात. एक सायझिंगमधल्या, म्हणजे मागावर जाण्याआधी सुताला चढवतात त्या खळीचा, आंबूस आणि गरम. दुसरा कुणाच्या तरी घरच्या वड्यांचा आणि खिरीचा. भादव्यातलं ऊन असं असतं की सावलीत उभं राहिलं तरी मानेवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. गणपती गेलेले असतात, दसरा अजून लांब असतो, आणि मधल्या या पंधरवड्यात सगळं गाव नवं काही सुरू न करता आपापल्या मेलेल्या माणसांना जेवू घालत असतं.

आम्ही जैन. आमच्यात म्हाळ नाहीत. तरीही यंदा म्हाळ लागले आणि मला चार वर्षांपूर्वीचे म्हाळ आठवले. त्यातच परवा उद्योजकांच्या एका मंडळातून फोन आला. ‘अपयशानंतर टीमचा उत्साह कसा टिकवावा’ या विषयावर वीस मिनिटं बोला म्हणाले. तुमच्या शेडचं उदाहरण सगळे देतात, तुम्हालाच तर माहीत. मी हो म्हणाले. मग वही उघडून वर विषय लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि तशीच बसून राहिले. मला माहीत नाही हो. त्या वर्षी माणसं कशाने मोडली ते मला पक्कं सांगता येईल, पण ती परत कशाने उभी राहिली याचा मला आजतागायत पत्ता नाही.

यंत्रमागांची ही शेड सासऱ्यांची. नवरा सुताच्या खरेदीला गावोगाव हिंडतो, शेड मी बघते. त्या वर्षी आम्ही चार नवे माग आणले होते आणि बंगळूरच्या एका कंपनीसाठी शर्टाचं कापड विणायला घेतलं होतं. तोवर आमचा जन्म साध्या कापडात गेलेला. म्हणून या कापडाचं सगळ्यांनाच कौतुक होतं. रफिकभाई, आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे आणि खरं तर शेडचे अर्धे मालक, त्या चार मागांना सकाळी आल्याआल्या हात लावून बघायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आणि शेजारच्या खोलीत मेंडिंगच्या टेबलाशी पाच बायका बसायच्या, त्यांची म्होरकी गौराक्का.

मेंडिंग म्हणजे कापडात कुठे तार तुटली, गाठ आली, तर ती सुईने भरून काढायची. गौराक्काने भरलेली जागा तिची तिलासुद्धा परत सापडायची नाही. सीमेकडच्या खेड्यातली बाई, बोलताना निम्मं कानडी यायचं. नवरा आमच्याच शेडमध्ये विणकर होता, तो गेल्यावर ही टेबलावर बसली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चारचौघांत ती मला ‘वैनी’ म्हणून अहो-जाहो करते आणि एकटी सापडले की ‘पोरी’ म्हणून अगं-तुगं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात रडत होते तेव्हा तिने विचारलं नव्हतं काय झालं म्हणून, नुसती भाकरी पुढे केली होती.

आता चूक काय झाली ते सांगते, कारण अशी चूक आमच्याकडेच होऊ शकते.

कापड विणून झालं की उजेडाच्या टेबलावरून ओढत तपासतात. जिथे दोष दिसेल तिथे काठाला एक लाल दोरा बांधतात. मेंडिंगवाली बाई तो दोरा बघते, समोरची जागा भरते आणि दोरा ओढून काढून टाकते. दोरा म्हणजे राहिलेलं काम. एकही लाल दोरा नसलेला तागा टेबलावरून उतरला की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. पण या कंपनीचं उलटं होतं. त्यांना दोष भरलेला नको होता, कारण कापड रंगवल्यावर भरलेली जागा वेगळी उमटते. दोष आहे तसा ठेवा, दोरा तसाच राहू द्या, आम्ही कापताना तेवढा तुकडा वगळू, असं त्यांचं म्हणणं. तसं त्यांच्या कागदावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मी जाताजाता एवढंच सांगितलं होतं, “दोष दिसला की लाल दोरा बांधायचा हं, आणि माल असा गेला पाहिजे की कुणाला बोट ठेवायला जागा नको.” बाकीचं निवांत बसून सांगू म्हटलं.

निवांत बसायला मी होते कुठे? दशलक्षण पर्व लागलं होतं. दहा दिवस मी माहेरी कुरुंदवाडला, बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात. सकाळी पूजा, दुपारी प्रवचन, संध्याकाळी आरती. उत्तम क्षमा, उत्तम मार्दव. पांढरी साडी, एकवेळ जेवण. तिकडे मी अहंकार कसा सोडावा ते डोळे मिटून ऐकत होते आणि इकडे कबनुरात पाच बायका माझ्या शब्दाला जागून एकेक दोष भरत होत्या, एकेक दोरा ओढून काढत होत्या. गौराक्का दोन दिवस घरी जेवायलाही गेली नाही म्हणे. पहिलाच माल, वैनीचं नाक वर राहिलं पाहिजे. मी परतायच्या आत माल कंपनीकडे गेलाही.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं एकमेकांना म्हणायचं. पूर्वी घरोघरी जात, आता फोनवर जमतं. मीही हात जोडल्याचं चित्र लावून तो निरोप एका बोटात सगळ्यांना पाठवला. शेडच्या ग्रुपवरही टाकला. गौराक्काच्या सुनेच्या फोनवर तो गेला असणार.

दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा तागे परत आले.

टेम्पोतून ते उतरवत होते तेव्हा मी अजून क्षमावणीच्याच साडीत होते असं मला उगीच आठवतं. तसं नसणार. सोबत रंगवलेला एक तुकडा होता. फिक्या निळ्या कापडावर ठिकठिकाणी गडद बारीक रेघा. अक्काने भरलेली प्रत्येक जागा दिसत होती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

“अक्का, दोरे कुठं गेले?”

“कुठलं दोरं?”

“लाल! काठाला बांधलेले!”

“काढलं की. भरून झाल्यावर दोरा कोण ठिवतंय? नवरीच्या अंगावर दुकानाची चिठ्ठी ठिवायची व्हय?” ती हसली. तिला अजून काही कळलंच नव्हतं.

आणि मी, आदल्या दिवशी दोनशे लोकांची क्षमा मागितलेली बाई, चारही बायकांसमोर, रफिकभाईंसमोर ओरडले. “एवढी वर्षं काम करून एवढी अक्कल नाही तुम्हाला? तुमच्यामुळं सगळ्यांचं काम गेलं!”

अक्काने त्या निळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं. कागद खणात आहे हे मला त्या क्षणी आठवलं होतं की नंतर, याचा मी अजून विचार करते. बहुतेक त्या क्षणीच आठवलं होतं. म्हणूनच आवाज एवढा चढला असावा.

कंपनीने एक संधी दिली. दसऱ्याच्या आत दोन तागे नमुन्याला पाठवा, बरे वाटले तर पुढे बघू. नाहीतर चार नवे मागही साध्या कापडाला लावायचे, आणि नव्या मागांचे हप्ते भरून साध्या कापडाच्या पैशात पाच बायकांचं मेंडिंगचं टेबल परवडलं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं माणसं चिडतील, रडतील, दोघं-तिघं सोडून जातील. तसं काही झालं नाही. झालं ते फार विचित्र. सगळे आज्ञाधारक झाले.

दुसऱ्या दिवशी अक्का साध्या कापडाचा पदर घेऊन माझ्या टेबलाशी आली. “वैनी, ही तार भरू का ठिवू?” मी म्हटलं भरा. पाच मिनिटांनी परत. “ही गाठ काढू का ठिवू?” जिने मला कापड बघायला शिकवलं ती मला विचारत होती. उपहासाने विचारते आहे का म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण उपहास नव्हता. तिला खरोखरच कळेनासं झालं होतं. मग बाकीच्या चौघी विचारू लागल्या. आठवडाभरात रफिकभाई, ज्यांनी सासऱ्यांनाही कधी जुमानलं नव्हतं, पाना हातात घेऊन दारात उभे. “मॅडम, नट आवळू का?”

शेडमध्ये सगळं वेळेवर चालू होतं आणि काहीही चालू नव्हतं. कुणी भांडेना. चहा पाणचट झाला तरी कुणी शिवी देईना. आमच्या भागात माणूस शिवी देईना झाला की समजावं काहीतरी बिनसलंय.

त्या दिवसांत मी काय काय करून बघितलं ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. कोल्हापुरात एका हॉटेलात व्याख्यान होतं तिथे गेले. सूट घातलेल्या गृहस्थांनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. परत आले ती एक पांढरा बोर्ड घेऊन. शेडच्या दारात टांगला. वर लिहिलं, ‘माझं स्वप्न’. खाली ज्याने त्याने लिहावं. तीन दिवस बोर्ड कोराच. चौथ्या दिवशी रफिकभाईंच्या अक्षरात एकच शब्द : पंखा. मी पंखा बसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्ड कोरा. रोज सकाळी ग्रुपवर उगवत्या सूर्याची चित्रं टाकली, खाली जिद्दीबद्दल दोन ओळी. सगळे मुकाट्याने हात जोडायचे.

त्यात म्हाळ. मी म्हटलं, नमुन्याचा ताणा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला बीम, आला आहे, मागावर चढवून टाकू. रफिकभाईंनी कानाला हात लावला. “म्हाळात नवा बीम? न्हाय बा.”

“अहो रफिकभाई, तुमच्यात कुठं म्हाळ असतात? माझ्यातही नाहीत!”

“आपल्यात नसत्यात ओ. मागाच्यात असत्यात.”

एक जैन आणि एक मुसलमान, दोघं म्हाळ पाळत बसलो. चार नवे माग कापड पांघरून गप्प उभे, बाकीच्यांचा खडखडाट चालू. मला ते थांबणं सहन होत नव्हतं. आता वाटतं, ते पंधरा दिवस मिळाले नसते तर मी घाईघाईने बीम चढवला असता आणि सगळ्यांनी मला विचारत विचारत तोही बिघडवला असता. किंवा नसताही बिघडवला. हेही मला नक्की सांगता येत नाही.

म्हाळात आमच्या शेडची एक रीत आहे. ज्याच्या घरी ज्या दिवशी म्हाळ, तो सगळ्या शेडला जेवायला बोलावतो. दुपारच्या सुट्टीत सगळे रांगेने त्याच्या घरी. अक्काच्या नवऱ्याचा म्हाळ शेवटच्या आठवड्यात असायचा. दरवर्षी ती आठ दिवस आधी माझ्या टेबलाशी येऊन दटावून सांगायची आणि माझ्यासाठी कांदा-लसणाविना आमटी वेगळ्या पातेलीत काढून ठेवायची. त्या वर्षी तिने रफिकभाईंना सांगितलं, विणकरांना सांगितलं, टेबलावरच्या चौघींना सांगितलं. माझ्या टेबलाशी ती रोज दहादा येत होती, तार भरू का ठिवू विचारायला. जेवायचं तेवढं निघालं नाही.

मला राग आला. मालकीण मी, बोलावणं मला नाही? मग रागाखाली दुसरंच काहीतरी आहे असं वाटलं आणि ते बघायचं धाडस होईना. रफिकभाईंना म्हटलं, “माणसांना झालंय तरी काय? बोर्ड लावला, पंखा लावला, अजून काय करू?”

त्यांनी पाना खिशात घातला. “मॅडम, रागावू नकासा. तुमी त्या बाईला चारचौघांत बोललासा. जिचा हात कधी चुकला न्हाय तिला बोललासा. आता आमाला सगळ्यांनाच हात लावायचं भ्या वाटतंय. बोर्डावर काय लिवू ह्ये?”

त्या रात्री मी खणातला कागद काढून वाचला. सकाळी पुन्हा वाचला. ‘दोरा तसाच राहू द्या’ ही बरोबर तिसरी ओळ होती.

क्षमा मागणं मला जन्मापासून शिकवलेलं. पण फोनवर दोनशे जणांची मागता येते तशी एका माणसाची समोर मागता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी अक्काच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले. चौघींच्या कानांवर पडेल, मग माझा वचक काय राहील, असलं सगळं डोक्यात. जेवण जाईना. शेवटी अक्काच्या म्हाळाच्या आदल्या दुपारी मला युक्ती सुचली. मागांच्या खडखडाटात सांगायचं. तिथे शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचं, तिला ऐकू आलं तर आलं. मी तिला हाताने खूण करून आत बोलावलं. मधल्या वाटेत दोघी उभ्या राहिलो. दोन्हीकडे माग धडधडत होते, पायाखालची फरशी थरथरत होती. कानाशी जायचं धाडस झालंच नाही. समोर उभी राहून बोलले.

“अक्का, चूक माझी हाय. कागद माझ्या खणात होता. मी सांगितलंच न्हाय तुला. तू बरोबर केलंस. मला माफ कर.”

माझा आवाज मलाच आला नाही. बरं वाटलं. मग मान वर केली तर एकेका मागाशी एकेक विणकर आमच्याकडे बघत होता. टोकाला रफिकभाई उभे होते. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही माणसं उभा जन्म या आवाजात काढतात. जेवायची वेळ, घरची भांडणं, पोरांची लग्नं, सगळं ती ओठांवरून वाचतात. ऑफिसात बसणाऱ्या मला एकटीलाच ते येत नव्हतं. मी गुपचूप म्हणून जे बोलले होते ते अख्ख्या शेडने ‘ऐकलं’ होतं. ओरडले होते तेव्हा समोर चार बायका आणि रफिकभाईच होते, माफी मात्र पंचवीस माणसांसमोर मागितली गेली. ठरवून मला ते कधीच जमलं नसतं.

अक्का माझ्याकडे बघत होती. मग तिचे ओठ हलले. तोंड जरा उघडलं, खालचा ओठ दातांना लागला, शेवटी हनुवटी वर गेली. दोन शब्दांएवढंच काहीतरी. मी मान पुढे केली, “काय?” म्हटलं. ती तोवर वळून निघूनही गेली होती. विणकर आपापल्या मागाकडे वळले. एक-दोघं हसत होते.

मी रफिकभाईंना बाहेर गाठलं. “काय म्हणाली ती?”

“त्ये तुमचं दोघींचं हाय. मी कशाला सांगू?”

माफ केलं म्हणाली? की आता काय उपयोग म्हणाली? की आणखी काही जहाल? दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळे अक्काच्या घरी निघाले, तर तिची सून मला न्यायला दारात उभी. गेले. पानात सगळ्यांसारखं वाढलं, आणि आमटीच्या वेळी अक्काने आतून छोटी पातेली आणली, माझी वाटी भरली आणि पुढच्या पानाकडे वळली.

घटस्थापनेच्या दिवशी बीम चढला. रफिकभाईंनी नट आवळला, मला विचारलं नाही. चहावरून भांडण झालं, मला ते संगीत वाटलं. पहिला तागा टेबलावर आला तेव्हा अक्काला दोष दिसला, सवयीने सुई तिथवर गेली आणि थांबली. तिने काठाला लाल दोरा बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि कापड पुढे सरकवलं. कपाळाला घाम आला होता. म्हणाली, “भरायला काय लागत न्हाय. सोडून द्यायला लई ताकद लागती की.”

नमुना पास झाला. टेबल राहिलं. लोक म्हणतात मी टीम सांभाळली.

हे सगळं आठवत, कोरी वही घेऊन मी काल शेडमध्ये गेले. वाटलं तिथे तरी सुचेल. मेंडिंगला महिन्याभरापूर्वी एक नवी बाई लागली आहे, दोन लेकरांची आई. तिच्या हातून काल कापडाला कात्री लागली. चांगली हातभर चीर. ती बाई घाबरून टेबल सोडून आत मागांच्या वाटेत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आता गौराक्का तिला फाडून खाणार असं मला वाटलं, कारण वय झाल्यापासून अक्काची जीभ आणखी तिखट झाली आहे. अक्का उठली, गुडघे धरत आत गेली. तिला खांद्याला धरून वळवलं. माग धडधडत होते.

अक्काचे ओठ हलले. तोंड जरा उघडलं, खालचा ओठ दातांना लागला, शेवटी हनुवटी वर गेली.

चार वर्षांत मीही थोडं शिकले आहे. आता ऑफिसात कमी बसते. या वेळी मला ते दारातून, लांबून, स्वच्छ वाचता आलं.

“जेवलीस का?”

एवढंच. त्या बाईने मान हलवून नाही म्हटलं आणि रडायला लागली. मी दाराला धरून उभी राहिले. चार वर्षं मी त्या दोन शब्दांत क्षमा शोधत होते, राग शोधत होते, आणि तिने मला पंचवीस माणसांसमोर, ‘वैनी’ बाजूला ठेवून, जेवलीस का विचारलं होतं. मी खरंच जेवले नव्हते. दोन दिवस. तिला ते कसं कळलं होतं?

वही अजून कोरी आहे. उद्या अक्काच्या नवऱ्याचा म्हाळ. तिने आठ दिवस आधीच येऊन दटावलं आहे, वेळेवर ये म्हणून. चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर उद्या पानावर बसल्यावर तिला देईन म्हणते.